बिनालेन्सच्या डोळ्यात पुन्हा लेन्स: कुठली, कशी, आणि कुणाला नाही?

चष्म्याची_काडी (धागाकर्ता)
सोलापुरात आणि अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळकडून +१०, +१२ नंबरचे चष्मे अजूनही दुकानांत दुरुस्तीला येतात. काही जुन्या शिबिरांतले. तेव्हा मोतीबिंदू काढताना भिंग पिशवीसकट उपसायचे आणि आत काहीच ठेवायचे नाहीत. काही मार लागून भिंग निखळलेले. आणि काही अलीकडचे, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पिशवी फाटली म्हणून लेन्स न बसवता सोडलेले. काच बदलून मिळते, काडी बसवून मिळते, पण 'आत लेन्स बसेल का?' हे ना गिऱ्हाईक विचारत ना दुकानदार सांगत.

माझं मत असं की, प्लस दहाचा चष्मा लावणाऱ्या प्रत्येक माणसाची सेकंडरी लेन्ससाठी, म्हणजे नंतर वेगळ्या ऑपरेशनने आत बसवायच्या लेन्ससाठी, एकदा तरी तपासणी व्हायला हवी. प्रश्न हा की कुठल्या डोळ्याला कुठला पर्याय, आणि आम्ही दुकानातून चिठ्ठी लिहून पाठवताना तिच्यात काय काय लिहावं, म्हणजे माणसाची पहिली फेरी वाया जाणार नाही? जाणकारांनी हात सैल सोडून लिहा.

का_बे_सोलापूर
सोड्याच्या बाटलीचा तळ लावून फिरणारी माणसं म्हणता का बे? आता सोड्याची बाटलीच राहिली नाही, तळ कुठला आणायचा.

नंबरवाली
हसण्यावारी नेऊ नका, त्या काचेत काय काय होतं ते बघा. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर. त्यातली ४३ च्या आसपास पुढच्या पारदर्शक पटलाची (कॉर्निया), उरलेली भिंगाची. भिंग गेलं की तूट डोळ्याबाहेर १२ मिलिमीटरवर टांगलेल्या काचेने भरायची. त्यामुळे वस्तू २५ ते ३० टक्के मोठ्या दिसतात, दाराच्या चौकटी वाकतात, आणि काचेच्या कडेला गोल पट्ट्यात काहीच दिसत नाही. सात रस्त्यावर असा चष्मा लावून उभं राहिलं तर बाजूने येणारी रिक्षा आधी गायब असते आणि एकदम नाकासमोर उगवते. मान वळवली की तो आंधळा पट्टाही सोबत फिरतो.

एकच डोळा बिनालेन्सचा असेल तर चष्मा जवळजवळ निकामीच. एका डोळ्यातली माणसं तीस टक्के मोठी, दुसऱ्यातली नेहमीची, मेंदू दोन्ही जुळवू शकत नाही, दोन-दोन दिसतं. कॉन्टॅक्ट लेन्सने फरक ७ टक्क्यांच्या आसपास येतो, तेवढा बहुतेकांना चालतो. आतल्या लेन्सने तो नगण्य होतो.

सबुरी
धागाकर्त्यांच्या 'प्रत्येक' या शब्दाला माझा विरोध. ऐंशीच्या पुढचं वय, दोन्ही डोळे पंचवीस-तीस वर्षांपासून बिनालेन्सचे, चष्म्याने ६/९, म्हणजे जवळजवळ पूर्ण दिसतंय, घर-अंगण-देऊळ एवढंच फिरणं. अशा डोळ्याला कशाला हात लावायचा? जुन्या पद्धतीत पिशवी गेलेली असते, म्हणजे आतली जेली (व्हिट्रियस) थेट पुढे आलेली. डोळा उघडायचा म्हणजे जेली हाताळायची. पडदा सुटणं, पडद्याला सूज, आतला रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे सगळे धोके एका चष्म्याच्या कंटाळ्यासाठी पत्करायचे?

स्लिटलॅम्प
सबुरींशी बऱ्याच अंशी सहमत. दोन्ही डोळे सारखे, चष्म्याशी जुळलेलं, तक्रार नाही, तर तपासा पण कापू नका. एकच डोळा बिनालेन्सचा असेल, कामाचं वय असेल किंवा चष्मा सहनच होत नसेल, तर गोष्ट वेगळी. 'प्रत्येकाची तपासणी' हे बरोबर, 'प्रत्येकाचं ऑपरेशन' नव्हे.

आता मूळ प्रश्न. लोक विचारतात, 'सगळ्यात चांगली पद्धत कुठली?' प्रश्नच उलटा आहे. डोळ्यात काय शिल्लक आहे त्यावर पद्धत ठरते. बाहुली मोठी करून आधी पिशवी बघायची. पिशवीची मागची बाजू फाटलेली असली तरी पुढची गोल कड शाबूत असेल, तर परितारिकेच्या (आयरिस, डोळ्याचा रंगीत भाग) मागे आणि त्या कडेच्या पुढे जी खाच असते, सल्कस म्हणतात, तिथे थ्री-पीस लेन्स (मधलं भिंग आणि दोन बारीक पाय वेगळे जोडलेली) बसते. यात शिवण नाही, गोंद नाही. लेन्सचा मधला भाग पिशवीच्या गोल छिद्रातून मागे ढकलून अडकवता आला, ज्याला ऑप्टिक कॅप्चर म्हणतात, तर ती हलतही नाही. सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग हाच. त्यामुळे तो उपलब्ध असताना पुढच्या कसरती करू नयेत.

दोन चुका वारंवार होतात. एक, सल्कसमध्ये सिंगल-पीस (एकसंध) अॅक्रिलिक लेन्स ठेवणं. तिचे जाड चौकोनी पाय परितारिकेच्या पाठीला घासतात, रंगद्रव्य झडतं, डोळा लाल होतो, दाब वाढतो, कधी आत रक्तही येतं. ती लेन्स पिशवीसाठीच आहे. दुसरी, नंबर तोच ठेवणं. सल्कस पिशवीपेक्षा पुढे असल्याने ताकद कमी करावी लागते. १७.५ ते २८ च्या लेन्सला साधारण १ डायॉप्टर, ९.५ ते १७ ला अर्धा, त्याखाली काही नाही. कॅप्चर झालं असेल तर ऑप्टिक जवळजवळ पिशवीच्याच पातळीवर जातं, मग ही वजाबाकी लागत नाही.

हुरडा_पार्टी
लेन्सला पाय असतात हे आजच कळलं. चालत बाहेर आली तर?

पडद्यामागे
येते ना. मागे जेलीत पडते, मग आमच्याकडे पाठवतात.

पार्क_चौक
पिशवी अजिबातच नसेल तर? जुन्या शिबिरांच्या डोळ्यांत नसणारच. तिथे पुढच्या कप्प्यात बसणारी एसी लेन्स सोपी नाही का? दहा मिनिटांचं काम.

स्लिटलॅम्प
सोपी आहे, म्हणूनच तिचा अतिवापर झाला. एसी लेन्स परितारिका आणि पारदर्शक पटलाच्या कोनात टेकते. पटलाच्या आतल्या पेशी मोजायला स्पेक्युलर मायक्रोस्कोप लागतो. प्रौढात साधारण २५०० प्रति चौरस मिलिमीटर असतात आणि गेलेल्या परत येत नाहीत. २००० च्या खाली असतील तर मी एसी लेन्सचा विचार करत नाही. पुढच्या कप्प्याची खोली किमान ३ मिलिमीटर हवी, काचबिंदू नको, कोन चिकटलेला नको, वय शक्यतो जास्त हवं.

माप हीच तिची खरी गोम. आडवा व्हाइट-टू-व्हाइट (पटलाची एका पांढऱ्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची रुंदी) मोजायचा आणि त्यात १ मिलिमीटर मिळवायचा. लहान पडली तर ती पंख्यासारखी फिरते आणि पेशी खरवडते. मोठी पडली तर परितारिकेला चिमटा बसतो आणि डोळा दाबला की दुखतो. शिवाय परितारिकेला एक बारीक छिद्र (पीआय) करावंच लागतं. नाहीतर बाहुली बंद पडून दुसऱ्या दिवशी दाब आभाळाला. आज वापरायची तर लवचिक, उघड्या लूपची (पायांची). जुन्या बंद लूपच्या लेन्सांनी पटलं किती निकामी केली, ते बुलस केराटोपॅथीच्या (पटल सुजून त्यावर फोड येणं) इतिहासात आहे.

अक्कलकोट_वेस
पारदर्शक पटल, परितारिका, श्वेतपटल… साहेब, आमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, बुबुळ. डॉक्टर म्हणतात 'बुबुळ बदलायचं', म्हणजे पुढची काच. म्हातारी म्हणते 'काळं बुबुळ', म्हणजे मधलं. आणि 'बुबुळाला जखम' म्हणजे कुठेही.

नंबरवाली
हा नुसता विनोद नाही, चिठ्ठीत यानेच घोटाळा होतो. पुढची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया, आतला रंगीत पडदा म्हणजे आयरिस, मधलं काळं छिद्र म्हणजे बाहुली. चिठ्ठीत 'बुबुळ ठीक' असं लिहू नका, कॉर्निया स्वच्छ की धूसर आणि बाहुली गोल की ओढलेली ते लिहा.

पडद्यामागे
आणि 'पडदा' म्हणजे रेटिना. त्याला काही पर्यायी शब्द शोधू नका, सगळ्या सोलापूर जिल्ह्याला तो कळतो.

मागचा_पंजा
पिशवी नाही पण आयरिस धडधाकट आहे, अशा डोळ्यासाठी माझं मत आयरिस क्लॉ. नेदरलँड्सचे डॉ. यान वोर्स्ट यांची कल्पना. लेन्सला दोन बाजूंना खेकड्याच्या नांगीसारख्या चिरा असतात, त्यात आयरिसची चिमूट पकडायची. आजकाल ती आयरिसच्या मागून बसवतात. त्यामुळे कॉर्नियापासून लांब राहते आणि समोरून बघणाऱ्याला दिसतही नाही.

पायऱ्या: घड्याळाच्या तबकडीप्रमाणे १२ वाजता ५.५ मिलिमीटरचा स्क्लेरल टनेल, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीतून बोगदा (लेन्स पीएमएमए या कडक प्लास्टिकची, घडी होत नाही, ऑप्टिक ५.४). ३ आणि ९ वाजता बारीक साइड पोर्ट (बाजूची छिद्रं). पुढे आलेली जेली कटरने साफ. ट्रायॅमसिनोलोन टाकलं की उरलेले धागे पांढरे दिसतात, ही पायरी सोडू नका. बाहुली पायलोकार्पिनने लहान. मग लेन्स उलटी धरून आत, एका हाताने बाहुलीच्या मागे तिरकी घालून आडवी करायची आणि आयरिसला किंचित वर उचलून तिचे पंजे कुठे आहेत ते आयरिसवर उमटू द्यायचे. त्या उंचवट्यावर साइड पोर्टातून बोथट हूकने आयरिस चिरेत दाबायची. दुसऱ्या बाजूला तसंच. सरावाच्या हाताला या दोन चिमट्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत.

कुठे फसतं: चिमूट फार छोटी घेतली तर किरकोळ मारानेही एक पंजा सुटतो आणि लेन्स बिजागरीच्या दारासारखी लोंबते. मोठी किंवा दोन्हीकडे असमान घेतली तर बाहुली मांजरासारखी लांबट. दुसऱ्या हाताने लेन्स घट्ट धरलेली नसेल तर पहिला चिमटा घालतानाच ती मागे निसटते. पहिले काही आठवडे थोडं रंगद्रव्य झडतं आणि थोडी सूज असते, ती थेंबांनी बसते. आयरिस मारामुळे फाटलेली, पातळ झालेली किंवा तिच्यावर नव्या रक्तवाहिन्या आलेल्या असतील, किंवा डोळ्याला वारंवार युव्हायटिस (आतली सूज) होत असेल, तर हा नाद सोडायचा.

गोंद_की_दोरा
पंजासाहेब, आयरिसला आयुष्यभर चिमटा लावून ठेवायचा हे मला पटत नाही. आयरिस दिवसभर उजेडासोबत हलणारा स्नायू आहे. डोळ्याची भिंत असते ती स्क्लेरा, ती हलत नाही. टेकू भिंतीला लावावा, पडद्याला नव्हे. (नाटकाचा पडदा म्हणतोय, रेटिना नव्हे.)

मागचा_पंजा
पडद्याला टेकू लावू नये हे ऐकायला छान आहे. पण ५.५ च्या टनेलमधून ही लेन्स ज्याला येते त्याला येते. तुमच्या भिंतीच्या पद्धतीला मायक्रोफोर्सेप्स हवेत, गोंद हवा, पुढचा व्हिट्रेक्टर (जेली कापून ओढणारं यंत्र) हवा आणि शिकायला बराच काळ. तालुक्याच्या ठिकाणी काय शक्य आहे तेही बघा.

गोंद_की_दोरा
मान्य. म्हणूनच तालुक्याला करू नये, पाठवावं. भिंतीला लेन्स लावण्याचे तीन जमाने सांगतो, म्हणजे पार्क_चौक यांना कळेल.

पहिला दोऱ्याचा. १०-० पॉलिप्रोपिलीनने लेन्सचे पाय स्क्लेरात शिवायचे. दोरा इतका बारीक की काही वर्षांत झिजून तुटतो आणि लेन्स एका बाजूला कलंडते. तरुण माणसात हे नक्की लक्षात ठेवायचं, त्याला अजून चाळीस वर्षं काढायची असतात. म्हणून आता शिवायचंच असेल तर ९-० पॉलिप्रोपिलीन किंवा गोअर-टेक्स वापरतात.

दुसरा गोंदाचा. चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये सुरू केलेली ग्लूड लेन्स. समोरासमोर, बरोब्बर १८० अंशांत, स्क्लेराचे अर्ध्या जाडीचे दोन चौकोनी फ्लॅप, साधारण अडीच मिलिमीटरचे. फ्लॅपच्या खाली, लिंबसपासून (कॉर्निया आणि पांढऱ्या भागाची सीमा) १ ते १.५ मिलिमीटरवर सुईने छिद्र. थ्री-पीस लेन्सचा पुढचा पाय टोकालाच पकडून एका छिद्रातून बाहेर, मग मागचा पाय एका चिमट्यातून दुसऱ्या चिमट्यात देत दुसऱ्या छिद्रातून बाहेर. याला 'हँडशेक' म्हणतात. पाय २६-गेजच्या सुईने केलेल्या स्क्लेराच्या बोगद्यात खोचायचे आणि फ्लॅप फायब्रिन ग्लूने चिकटवायचे. लोकांना वाटतं ग्लू लेन्स धरतो. चूक. लेन्स धरतो तो बोगदा. ग्लू नुसता झाकण लावतो.

तिसरा यामाने. जपानचे डॉ. शिन यामाने, २०१७ चा लेख. फ्लॅप नाही, ग्लू नाही, दोरा नाही. ३०-गेजच्या पातळ भिंतीच्या दोन सुया लिंबसपासून २ मिलिमीटरवर, तिरक्या, स्क्लेरातून बोगदा करत आत. दोन्ही पाय सुयांच्या पोटात सरकवायचे, सुया बाहेर ओढायच्या, पायांची टोकं कॉटरीने (तापणाऱ्या टोकाचं उपकरण) जवळून तापवायची. टोक वितळून ०.३ मिलिमीटरची गुंडी होते, ती बोगद्यात ढकलून द्यायची. शर्टाच्या काजातून गुंडी निसटत नाही, तसं.

का_बे_सोलापूर
गुंडी, बोगदा, दोरा, शिवण. यंत्रमागावर चादर चाललीय का डोळा?

गोंद_की_दोरा
मागवाल्याला नक्की समजेल. दोन टोकं १८० अंशांत नसली तर कापड तिरकं विणलं जातं, तसंच इथे लेन्स तिरकी बसते. यामानेत सगळा खेळ त्या दोन सुयांच्या कोनाचा आणि खोलीचा आहे. एक सुई १.५ वर आणि दुसरी २.५ वर गेली की लेन्स कलली आणि चष्म्याला आडवा-तिरपा नंबर आला. म्हणून सुई घालण्याआधी खुणा करायच्या, अंदाजाने नाही. पीएमएमएचे पाय ओढताना मोडतात किंवा मुरगळतात. पीव्हीडीएफ या लवचिक प्लास्टिकचे पाय ताण सहन करतात, ही पद्धत त्यांच्याचसाठी जास्त साजते. गुंडी नीट गाडली नाही तर ती वरच्या पातळ आवरणातून डोकं काढते. मग ती बाहेरच्या जंतूंना आत जायची पायवाट होते.

पडद्यामागे
गोंद_की_दोरा यांनी शेवटी लिहिलं ते ठळक करायला हवं. स्क्लेरात लेन्स बसवलेल्या माणसाचा डोळा दोन वर्षांनी किंवा पाच वर्षांनी लाल झाला, टोचतंय असं तो म्हणाला, तर 'डोळे आलेत' म्हणून थेंब देऊन घरी पाठवू नका. पापणी उचलून बाजूचा पांढरा भाग बघा, तिथे काळा किंवा निळा बारीक दोरा-टोक दिसतंय का. दिसलं तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या ठिकाणी पाठवा.

आमच्या बाजूचं आणखी थोडं. सेकंडरी लेन्सच्या आधी परिघापर्यंतचा पडदा इनडायरेक्टने (डोक्याला लावून पडदा बघायचं उपकरण), कड दाबून बघायचा. लॅटिस (पडदा पातळ झालेला पट्टा) किंवा छिद्र असेल तर आधी लेसर. मॅक्युलाचा (पडद्याचा मध्यभाग) ओसीटी स्कॅन करायचाच. पडद्याला जुनी सूज असेल तर कितीही सुंदर लेन्स बसवा, दृष्टी वाढणार नाही आणि शिव्या लेन्सला पडतील. पूर्वी व्हिट्रेक्टॉमी (जेली काढायचं ऑपरेशन) झालेला डोळा ऑपरेशनात फुग्यासारखा मऊ पडतो. त्यात पाणी चालू ठेवणारी नळी आधी लावल्याशिवाय काहीही करायचं नाही. वयस्कर, दाब-शुगरवाल्या माणसाचा डोळा एकदम मऊ होऊ दिला तर मागची रक्तवाहिनी फुटू शकते. म्हणून रक्तदाब आधी आटोक्यात हवा, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करायच्या की नाही हे त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं, मनाने नाही.

ट्रॉली_सिस्टर
ओटीकडून. सेकंडरी लेन्सच्या यादीत एकच लेन्स मागवून ठेवू नका. टेबलावर गेल्यावर पिशवीची कड पुरते किंवा पुरत नाही. थ्री-पीस, आयरिस क्लॉ आणि गरज पडली तर एसी, तिन्ही त्या त्या नंबरच्या, डब्यावरची मुदत बघून हजर ठेवायच्या. फायब्रिन ग्लू फ्रिजमधून काढून कोमट करून मिसळायला वेळ लागतो. फ्लॅप उघडे असताना धावपळ नको, सर्जनने फ्लॅप करायला घेतले की आम्ही ग्लू घ्यायचा. आणि व्हिट्रेक्टॉमी कटर आधी पाण्यात चालवून बघायचा. कटर कापत नाही पण ओढतो, असं झालं तर पडदा ओढला जातो.

नंबरवाली
सिस्टरनी 'त्या त्या नंबरच्या' लिहिलंय ते सहज वाचून पुढे जाऊ नका. तीन लेन्सचे तीन नंबर का, तर प्रत्येकीची जागा वेगळी. पिशवीतल्या लेन्सचा ए-कॉन्स्टंट (ताकद काढताना वापरायचा त्या लेन्सचा ठरलेला आकडा) ११८ च्या वर, आयरिसमागच्या क्लॉचा ११७ च्या आसपास, एसी लेन्सचा ११५ च्या आसपास. ढोबळमानाने ए-कॉन्स्टंट एकाने कमी तर लेन्सची ताकद एक डायॉप्टरने कमी. पिशवीसाठी २१ निघत असेल तर क्लॉला साडेएकोणीसच्या आसपास आणि एसीला १८. नेमका आकडा त्या त्या लेन्सच्या डब्यावरच्या कॉन्स्टंटवरून काढायचा.

आता डोळ्याची लांबी मोजणं, म्हणजे बायोमेट्री. आवाजाच्या लहरींनी मोजणारं ए-स्कॅन मशीन बाय डिफॉल्ट भिंग असलेल्या डोळ्यावर असतं, त्यात आवाजाचा वेग १५५० मीटर प्रति सेकंदच्या आसपास. बिनालेन्सच्या डोळ्यात तो १५३२. 'अफेकिक' (बिनालेन्सचा) मोड निवडायला विसरलं तर २३.५ मिलिमीटरचा डोळा पाव मिलिमीटरहून जास्त लांब मोजला जातो. लांब डोळा म्हणजे कमी ताकदीची लेन्स, म्हणजे ऑपरेशननंतरही पाऊण नंबरचा प्लस चष्मा दूरचं बघायला.

अक्कलकोट_वेस
एवढी गणितं? पूर्वी काय करायचे?

नंबरवाली
अवांतर आहे पण सांगते. पहिली लेन्स हॅरॉल्ड रिडलींनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४९ ला बसवली. लढाऊ विमानांच्या छताच्या काचेचे, म्हणजे पीएमएमएचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही डोळा चिडत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. सामग्री अचूक निवडली, पण आकार नैसर्गिक भिंगासारखा ठेवला. पीएमएमए भिंगापेक्षा जास्त प्रकाश वाकवतं. पहिल्या रुग्णाला तब्बल उणे १८ नंबर आला.

हुरडा_पार्टी
एवढं सगळं करण्यापेक्षा लेसरने नंबर घालवून टाका की. नव्या पेठेतल्या बोर्डावर 'चष्म्यापासून मुक्ती' लिहिलेलं असतं.

स्लिटलॅम्प
लेसिकने प्लसचा नंबर फार तर चार-सहापर्यंत जातो, आणि प्लसमध्ये तो मायनसपेक्षा कमी टिकतो. +१२ साठी कॉर्नियाला जो उंचवटा द्यावा लागेल तो कॉर्निया देऊच शकत नाही. लेन्स बसवल्यावर दीड-दोनचा नंबर उरला तर त्याचा विचार नंतर.

आणि बोर्डावरून आठवलं, बिनालेन्सच्या डोळ्यात 'मल्टिफोकल' (जवळचं-दूरचं दोन्ही दाखवणाऱ्या) लेन्सचा आग्रह धरू नका. भिंतीला लावलेली लेन्स अर्धा मिलिमीटर सरकली तरी मल्टिफोकलची वलयं चुकतात. मोनोफोकल (एकाच अंतराची), आणि वाचायला अडीच-तीनचा चष्मा.

बालनेत्र
मुलांबद्दल कुणीच लिहिलं नाही. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाचं भिंग काढलं, आता लेन्स बसवायची का? अमेरिकेतल्या इन्फंट अफेकिया ट्रीटमेंट स्टडीत एका डोळ्याच्या मोतीबिंदूची १ ते ६ महिन्यांची ११४ बाळं होती. अर्ध्यांना आत लेन्स, अर्ध्यांना कॉन्टॅक्ट लेन्स. साडेचार वर्षांनी दोन्ही गटांची दृष्टी सारखीच, पण लेन्सवाल्यांना पुन्हा पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावं लागलं. म्हणून सात महिन्यांच्या आत शक्यतो कॉन्टॅक्ट लेन्स. बाळाचा डोळा जन्मतः १७ मिलिमीटरच्या आसपास, मोठेपणी साडेतेवीसच्या आसपास. आज बसवलेली लेन्स उद्या जास्त ताकदीची ठरते.

सिलिकॉनच्या बाळलेन्स +३२ पर्यंत मिळतात. मात्र खरं काम लेन्सच्या पुढे आहे. चांगल्या डोळ्यावर पट्टी, डॉक्टर सांगतील तितके तास, कधी जागेपणीच्या निम्म्या वेळेपर्यंत. पट्टी टाळली तर डोळा आळशी होतो आणि मग सातव्या-आठव्या वर्षी भारीतली लेन्स बसवूनही उपयोग नाही. आणि डोळ्याचा दाब आयुष्यभर तपासत राहायचा. भिंग काढलेल्या बाळांत काचबिंदू वर्षांनी उगवतो. मोठं झाल्यावर पिशवीची कड शिल्लक असेल तर सल्कस, नसेल तर वरची चर्चा.

भिंग जागेवरून सरकलेलं मूल उंच, लांब बोटांचं असेल तर मार्फान (हाडं, हृदय आणि डोळ्यांवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार) डोक्यात ठेवा, भूल देण्याआधी हृदयाचा इको. सरकणं खालच्या-नाकाच्या बाजूला असेल तर होमोसिस्टिन्युरिया (जन्मजात चयापचयाचा आजार) तपासा. त्यात भुलीच्या वेळी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो.

पार्क_चौक
मोठ्यांनाही कॉन्टॅक्ट लेन्स चालेल का मग? ऑपरेशनच नको.

नंबरवाली
चालते, आणि कित्येकांना ऑपरेशनपेक्षा तीच बरी. फक्त +१२ चा चष्मा म्हणजे +१२ ची कॉन्टॅक्ट लेन्स नव्हे. १२ मिलिमीटर अंतर धरलं तर ती +१४ होते. अडचण अशी की मागाच्या शेडमध्ये कापसाचं तूस उडतं आणि एप्रिलमध्ये पारा ४३ ला, दिवसभर लेन्स कोरडी पडून टोचते. हात न धुता लावली तर कॉर्नियावर फूल पडायला वेळ लागत नाही. थरथरत्या हातांच्या आजीला रोज लावणं-काढणं जमत नाही, घरातलं कुणी करणार असेल तरच.

सबुरी
खर्चाचं कुणी बोलत नाही. 'ग्लूड' म्हटलं की बिल दुप्पट.

ट्रॉली_सिस्टर
ग्लू मानवी प्लाझ्मापासून बनतो, महाग असतो, हे खरं. आयरिस क्लॉची भारतीय लेन्स त्या मानाने स्वस्त. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. रेशनकार्ड, आधार आणि ऑपरेशनची जुनी कागदपत्रं घेऊन. पूर्वपरवानगीच्या आधी दाखल होऊ नका. जुना डिस्चार्ज कागद हरवला असेल तरी सांगा, लपवू नका. मागच्या वेळी काय झालं होतं ते डॉक्टरांना तिथूनच कळतं.

चष्म्याची_काडी
सगळ्यांचे आभार. 'प्रत्येक' हा शब्द मागे घेतो, सबुरी जिंकले. चिठ्ठीचा मसुदा असा केलाय, कुठे चुकलं ते सांगा:

'उजवा डोळा बिनालेन्सचा, डावा नैसर्गिक भिंग. चष्मा +११.०, चष्म्याने ६/१२. एक डोळा झाकल्यावर त्रास नाही, दोन्ही उघडे ठेवल्यास दोन दिसतं. कॉर्निया स्वच्छ, बाहुली गोल. भिंग कधी व कसं गेलं: … मधुमेह / रक्तदाब / रक्त पातळ करणारी गोळी: … कृपया सेकंडरी लेन्ससाठी तपासावं.'

स्लिटलॅम्प
उत्तम. डोळ्याचा दाब लिहा. आणि पिनहोलने (बारीक छिद्रातून बघून) दृष्टी वाढते का तेही. +११ लावूनही ६/१२ च आणि पिनहोलनेही तीच, तर मला आधी पडदा बघावा लागेल.

नंबरवाली
'+११.०' च्या पुढे चष्मा डोळ्यापासून किती मिलिमीटरवर होता ते लिहा. नाकावरून घसरलेल्या चष्म्यात काढलेला +११ आणि टेकवून काढलेला +११ एक नसतो. ही म्हातारी मंडळी वाचताना चष्मा नाकाच्या शेंड्यावर सरकवतात ते उगाच नाही. तीन मिलिमीटर पुढे सरकला की पावाहून जास्त नंबर वाढतो, फुकटात.

का_बे_सोलापूर
म्हणजे आमची आजी गेली वीस वर्षं बायोमेट्री करतेय.

चष्म्याची_काडी
दाब, पिनहोल आणि अंतर, तिन्ही घातले. उद्यापासून छापील चिठ्ठीचं पॅड.

मागचा_पंजा
पॅडवर 'आयरिस शाबूत / फाटलेली' हा एक रकाना ठेवा. गोंदवाल्यांना नको असेल तर ते खोडतील.

गोंद_की_दोरा
खोडणार नाही. आयरिस फाटलेली असेल तर तो रुग्ण माझ्याकडेच यायचा आहे.